पोट भरल्याचा निरोप

आईने मुलाला हात वर करायला लावले आणि तोंडात टाचण्या धरूनच त्याच्या कमरेभोवती टेप फिरवला. ओढून पाहिला, सैल सोडून पाहिला. मग टाचण्या हातात घेत ती म्हणाली,

"अहो, ऐकलंत का? पँट आत घ्यावी लागणार. आत!"

वडिलांनी पुस्तकातून मान वर केली. गेली दोन वर्षं या घरात मुलाच्या कपड्यांची शिलाई फक्त उसवली जात होती. लोकांचे कपडे शिवणाऱ्या आईने त्याच्या पँटींना दोन्ही बाजूंनी कापडाच्या पट्ट्या जोडल्या होत्या, आणि पट्ट्याही पुरेनात तेव्हा एकदा कात्री आपटली होती.

"बरं झालं," वडील म्हणाले. याहून जास्त त्यांना सहसा सुचत नसे.

दुपारी आत्या जेवायला आली. वडिलांची थोरली बहीण. तिच्या तोंडाला कुंपण नव्हतं.

"बघ, मी म्हणत नव्हते? जिभेवर ताबा हवा माणसाचा. मागच्या खेपेला अख्ख्या पातेल्याचा फडशा पाडून हा वर विचारतोय, अजून आहे का? मला वाटलं, आता मलाच खातो."

"तू कडू लागली असतीस, आत्या."

सगळे हसले. वडीलही हसले.

गोळ्या सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक वेडंवाकडं डोकं काढून समजावलं होतं. मुलाला जे आवाज ऐकू येत, भिंतीपलीकडून त्याला घालूनपाडून बोलणारे, ते ही गोळी थोपवील. पण मेंदूत ती एकाच दारावर जाऊन बसत नाही. पोट भरलं, आता पुरे, हा निरोप ज्या दाराने आत जातो तेही ती अडवते. "जेवून उठल्यावरही त्याला भूक असेल. खरी भूक. हावरटपणा समजू नका."

आवाज गेले आणि भूक आली. आईने फडताळाला कुलूप लावलं. रात्री ते कुलूप हलल्याचं ऐकत नवराबायको एकमेकांकडे पाठ करून जागे राहत. वडिलांनी वाचनालयातून पुस्तकं आणून सगळं वाचून काढलं, पण बहिणीला त्यातलं काही सांगणं त्यांना जमलं नाही. तिच्यापुढे त्यांचं वाक्य अर्ध्यावरच दमायचं.

आज आईने आपणहून भाताचं पातेलं पुढे केलं. "घे रे थोडा अजून."

मुलाने ताटावर हात आडवा धरला.

"नको. पोट भरलं."

आत्याने टाळी वाजवली. आईने पदराने डोळे टिपले आणि टिपता टिपता हसली. मुलाच्या ताटात अर्धा भात तसाच होता. वडील त्या भाताकडे बघत राहिले. त्यांच्या हातातला घास हळूहळू परत ताटात उतरला.

आत्या गेल्यावर ते मुलाच्या खोलीत गेले. तो खाटेवर बसला होता, मान किंचित भिंतीकडे कललेली. वडिलांनी दार लोटलं, खुर्चीवरचे कपडे उचलले आणि कुठे ठेवावेत ते न कळून मांडीवर घेऊन बसले.

"गोळी घेतोस ना?"

पूर्वी आई स्वतः त्याच्या हातावर गोळी ठेवायची. मी काय लहान आहे का, असं तो म्हणाला तेव्हा वडिलांनीच त्याची बाजू घेतली होती.

मुलगा नखं न्याहाळत राहिला.

"आई किती खूश आहे, बाबा."

"हो."

"कामावर सगळे मला ढोल म्हणायचे. आता नाही म्हणत कुणी."

वडिलांनी मांडीवरच्या शर्टाची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"आवाज?"

"अजून लांब आहेत."

खाली रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. मुलाने चटकन वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"घंटी होती," वडील म्हणाले. "मीही ऐकली."

मुलाने श्वास सोडला.

"उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. दोघं. दुसरी एखादी गोळी आहे का विचारू."

"आणि नसली तर? परत सुटेन मी."

"सुट."

"आत्या काय म्हणेल?"

"तिला मी बघतो," वडील म्हणाले. त्यांचं त्यांनाच ते फारसं खरं वाटलं नाही. मुलगा मात्र जरासा हसला.

"आईला कोण सांगणार?"

वडील उठले. शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकून ते स्वयंपाकघरात आले.

आई उरलेला भात डब्यात काढत होती आणि गुणगुणत होती. तिचं गुणगुणणं त्यांनी इतक्यात ऐकलंच नव्हतं. सूर गंजल्यासारखा लागत होता. मधली एक ओळ तिला आठवत नव्हती, तिथे ती नुसतंच हूं हूं करून पुढे जात होती.

वडिलांनी फडकं घेतलं आणि ओली ताटं पुसायला लागले. एक पुसून झालं; त्यांनी तेच पुन्हा पुसलं. गाणं संपेपर्यंत थांबू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण शेवटच्या ओळीपाशी आली की ती पुन्हा पहिल्या ओळीवर जात होती.