पलंगाखालचं गाठोडं

बाळांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. भरदुपार. डोंगरातल्या उकवा गावाच्या वाटेवरचा छोटा दवाखाना. तुमच्याएवढी दहा वर्षांची खुशी आईच्या पलंगाशी उभी आहे. तासाभरापूर्वी तिला भाऊ झालाय, पण पेढ्यांचं नाव कोणी काढत नाही. आई पांढरीफटक पडत चालली आहे.

खुशीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. तिची आजी, विमलाबाई, आईखालचं रक्तानं भिजलेलं कापड काढायची, पलंगाखालच्या गाठोड्यात कोंबायची आणि कोरं कापड सारायची. बाळंतिणीचा विटाळ चारचौघांना दिसू नये, ही घरची रीत. दुसऱ्या बाळंतिणीला सोडून आशालता सिस्टर धावत येत, तेव्हा कापड कोरंच दिसे!

"किती कापडं भिजले, मावशी?" सिस्टरनी आजीला विचारलं.

"एखादं. होतेच इतकं. आम्हाले का पोरं झाले नाहीत?"

"सात!" खुशी ओरडली. "मी मोजले!"

"चूप! पोरीच्या जातीनं ते पाहू नोको!"

खुशी पलंगाखाली शिरली. गाठोडं ओढून तिनं सिस्टरच्या पायाशी सोडलं.

सिस्टरचा पारा चढला. "मावशी, हे लपवलं काहून? सून मरून राहिली, अन् तुम्ही घड्या घालता?" तोंड चालू होतं, तसे हातही. पोट चोळलं, इंजेक्शनं दिली. रक्त थांबेना.

आजीचं अवसान गळालं. "खाली बालाघाटच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ का? पिशवी काढतील तं काढतील..."

"घाट उतरेपर्यंत टिकेल का ती? गाडी बोलावली आहे. तोवर सरका बाजूला!"

सिस्टरनी पडदा ओढला. नळीच्या टोकाला रबरी फुगा घट्ट बांधला, तो गर्भपिशवीत सरकवला आणि सलाईनचं पाणी भरत गेल्या. गुडघा फुटला की आपण तळहात दाबून धरतो ना? तसा तो फुगा आतून दाबून बसला. वाहणारं रक्त ठिबकू लागलं, मग थांबलं.

"गाडीतही फुगा आतच राहील," सिस्टर घाम पुसत म्हणाल्या. "उद्या डॉक्टर काढतील. पिशवी शाबूत आहे. पण कापडावर लक्ष ठेवा. भिजलं की हाक मारा."

आजीनं नवं कापड हातात घेतलं आणि नातीवर डोळे वटारले. "तू जाय, पहिले आंघोळ कर. विटाळात हात घातला!"

खुशी गेली नाही. तिनं आजीच्या हातातलं कापड हिसकावलं, आईखाली सारलं, स्टूल ओढलं आणि आजी अन् पलंगाच्या मधोमध ठाण मांडून बसली.