त्रेसष्ट वर्षांनी बारसं

फाल्गुनाचं ऊन कृष्णा-वारणेच्या संगमावर कांचनकण उधळीत होतं. हरिपूरच्या खळ्याखळ्यांत शिजवलेली हळद वाळत पडली होती. पिवळी भुई, पिवळा वारा, धुळीत लोळून पिवळ्या झालेल्या चिमण्या. त्या पीतप्रभेतून शरयू बेलवलकर चालली होती. भूगोलाची निवृत्त शिक्षिका; आणि तिच्या पिशवीत एक कधीच पेटीत न पडलेलं पोस्टकार्ड.

मिरजेच्या रद्दीवाल्याकडून घेतलेल्या एका जुन्या पाकपुस्तकात ते तिला गवसलं होतं. जांभळ्या शाईची वेलांटीवेल्हाळ अक्षरं: "वामनदादा, मुलगी झाल्याचा निरोप पोचला, पण तुझ्या बदलीच्या गावाचं नावच निरोप्या विसरला! रुसवा मी केव्हाच सोडला रे. आत्याचा मान मला दिलास, तर नाव ठेवते कादंबिनी. पत्ता कळताच कार्ड टाकते. तुझी वेणू."

पत्त्याच्या बाजूला एवढंच: वामन रघुनाथ मोघे, शिक्षक. खालच्या ओळी कोऱ्या, निरभ्र, नि:शब्द.

त्या कोऱ्या ओळींनी शरयूला स्वस्थ बसू दिलं नाही. आठ महिने ती शाळा धुंडाळत राहिली. कसरीनं कुरतडलेली हजेरीपुस्तकं, धूळधूसर कपाटं, विस्मृतीची जाळी. वामनगुरुजी या गावी तीन वर्षं, त्या गावी दोन. अखेर एका वृद्ध शिपायानं सांगितलं, "गुरुजी गेले हो. लेक हरिपुरात दिलीय. बाळीमावशी म्हणा, कुणीबी दावील घर."

बाळीमावशी अंगणात हळद निवडत होती. कोपरापर्यंत सुवर्णलिप्त हात, चेहऱ्यावर सुरकुत्यांची प्रसन्न नक्षी.

"नाव बाळीच?" शरयूनं हलकेच विचारलं.

"दाखल्यावरसुद्धा बाळीच! बाबा म्हणायचे, नाव ठेवील तर वेणूच. आत्याचं उत्तर काही आलं नाही. रुसली ती रुसलीच, म्हणत म्हणत बाबा गेले."

क्षणभर शरयूचा हात पिशवीतच थबकला. इतक्या उशिराचं सुख सलेल का? मग तिनं कार्ड बाहेर काढलं आणि संथ, स्वच्छ स्वरात वाचलं.

मावशीच्या डोळ्यांत दोन जलबिंदू तरळले, आणि त्यांच्यामागून धबधब्यासारखं हसू कोसळलं.

"अगं बाई! रुसली नव्हतीच की आत्या! आणि नाव तरी केवढं! हाक मारेस्तोवर दूध उतू जाईल की!"

सून उज्ज्वला पदर खोचून पुढे आली. "आता आत्याबाईंच्या वतीनं तुम्हीच सांगा कानात."

शरयू वाकली. चंदेरी केसांआडच्या त्या कानात मेघमालेसारखं नाव हळुवार उतरलं. गलका ऐकून जमलेल्या शेजारणींनी "कुर्रर्र" करत शरयूच्या पाठीवर थापा दिल्या. गूळखोबरं वाटलं गेलं.

मग उज्ज्वला स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली आणि तिथून खट्याळपणे साद घातली, "कादंबिनी!"

मावशी हळद निवडतच राहिली.

"अहो, कादंबिनी!"

मावशी इकडेतिकडे पाहू लागली.

"कादंबिनीऽऽ!"

आणि मावशीनं ओ दिली. उंच, निर्मळ, नवलानं भरलेली ओ. अंगण ओलांडून, खळी ओलांडून, संगमाच्या पाण्यावर थरथरत गेलेली. ती ओ त्रेसष्ट वर्षांची नव्हतीच. ती होती उणीपुरी बारा दिवसांची.