खंडेनवमीची चकाकी

मी तळवड्याच्या एका वर्कशॉपात फिटर आहे. गंज दिसला की माझं डोकंच फिरतं. तरी आमच्या मोशीच्या सोसायटीतल्या हिंदुरावकाकांनी मुठीत मावेल एवढं विमानाचं इंजिन पुढं केलं, तेव्हा मला हसू आलं.

"काका, खेळणंच ते. पार जाम झालंय. भंगारात टाका."

"तसं नको बोलू, ज्योतीराम. शेखरचं हाय ते."

शेखर त्यांचा धाकटा भाऊ. देहूरोडला असताना दोघं मिळून त्याचं छोटं विमान उडवायचे. एकदा काकांनी ते मागून नेलं, न पुसताच माळ्यावर टाकलं, इंजिन गंजलं आणि शेखरनं बोलणं टाकलं. आता इतक्या वर्षांनी काकांनी त्याला निरोप धाडला होता, दसऱ्याला ये, तुझं इंजिन चालू करून तुझ्या हातात देतो. तेवढ्या शब्दावर तो यायला तयार झाला होता.

मग मीही इरेला पेटलो. डिझेलमध्ये भिजवलं, शेकलं, पुन्हा भिजवलं. शेवटी पिस्टन सुटला. गंज सगळा बाहेरूनच होता, आत नुसतं जुनं तेल गोंदासारखं चिकटलं होतं. तिथंच थांबायला पाहिजे होतं मी. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं पूजेच्या लोखंडावर डाग दिसला, तर मालक राहू द्या, आम्हीच एकमेकांची इज्जत काढतो. सगळे मशिनी घासत बसलेले. मीही पॉलिश पेपर घेतला आणि तो पिस्टन तोंड दिसेल इतका घासला. हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला.

जोडताना बोटांना कळलं. या इवल्या इंजिनाला रिंग नसते. पिस्टन सिलिंडरात घट्ट बसतो, म्हणूनच दाब धरतो. तो घट्टपणाच मी घासून काढला होता. इंजिनाच्या तोंडावरचा पंखा आता बोट लावताच भिंगरीसारखा फिरत होता, दाब कुठं लागतच नव्हता. स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटली. तरी चालेल एखादवेळेस, असं म्हणत इंजिन देऊन आलो.

दसऱ्याला गच्चीवर शेखर आपट्याची पानं घेऊन उभा होता. काकांनी पंख्याला पहिला झटका दिला, जरा थांबले. मग देतच राहिले. इंजिन काही बोललं नाही.

शेखर माझ्याकडं वळला. "मिस्त्री, खरं सांगा. गंजानंच गेलं ना?"

"व्हय," मी म्हणालो. "फार आत गेला होता."

"माझंच चुकलं, शेखर," काका म्हणाले.

शेखरनं पानं कठड्यावर ठेवली आणि न जेवता जिना उतरून गेला. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

काका फडक्यात इंजिन गुंडाळत होते. "पिस्टन घासलास नव्हं? पहिल्या झटक्यालाच बोटाला कळलं."

"मग बोलला का न्हाई, काका?"

"तू बोलतोस का, ते बघत होतो."

मग शेखरनं ठेवलेलं सोनं उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं आणि चल, पान वाढलंय, म्हणाले.