चौदा बोटांचे शहर

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. पाठीला कापड डकवलेला, वर-खाली लाकडी दांड्या असलेला, भिंतीवर टांगायचा नकाशा. मी ज्या शहराचा आहे ते फार मोठे आणि फार पुराणे आहे. त्याचा तट, वेशी, राजवाडा, घंटाघर, नदी आणि नदीवरचे पूल, सारे माझ्या अंगावर आहे. गंमत अशी, की यातले काहीही मी पाहिलेले नाही. माझे आयुष्य एका खोलीत गेले. उंटावरून शेळ्या हाकाव्यात, तसे मी भिंतीवरून लोकांना शहर दाखवले.

मोजणी करणाऱ्या माणसांनी सगळे गल्लीबोळ पायाखाली घातले, तेव्हा कुठे मी कागदावर उतरलो. छापखान्यात माझ्यावर एकेक रंग चढला, नदीची निळाई सर्वांत शेवटी. मी वाळत पडलो असताना छापणारा म्हणाला होता, "झकास उतरलाय." तेव्हापासून मी जरा तोऱ्यातच असतो.

मला विकत घेतले एका जोडप्याने. पाहुण्यांना एका दिवसात शहर फिरवून आणायचा धंदा त्यांनी नुकताच काढला होता. यजमान गाडी चालवत आणि बाई सहली आखत. वर बिऱ्हाड, खाली ऑफिस. ऑफिस म्हणजे काय, तर एक टेबल, तीन खुर्च्या आणि मी.

लोक येत आणि म्हणत, "एका दिवसात सगळं दाखवा."

"दाखवते की," बाई हसून म्हणत, "पण मग काहीच दिसायचं नाही. चालेल?"

मग त्या उठून माझ्यावर हात ठेवत. त्यांना पट्टी लागत नसे. चार बोटे जुळवून स्टेशनपासून वेशीपर्यंत, वेशीपासून राजवाड्यापर्यंत अशी आडवी ठेवत त्या वाट मोजत. एक बोट म्हणजे गाडीचा पाव तास. त्यावर बघण्याचा आणि खाण्याचा वेळ धरायचा, की झाली सहल तयार. या हिशेबाने निघालेली गाडी सांगितल्या वेळी दारात परत येई. बाईंची बोटे सडपातळ होती आणि कायम गार असत. त्यांची एकुलती एक लेकही खुर्चीवर चढून आईसारखीच मोजायला शिकली.

ती लेक मोठी झाली आणि तिने आईला न विचारता लग्न केले. बाईंचा राग मस्तकात गेला. "या घराचा उंबरा तुला बंद," असे त्या याच खोलीत म्हणाल्या. लेक निघून गेली. पुढे तिचे फोन येत, पण ते वडिलांना. फोन चालू असेपर्यंत बाई माझ्यासमोर उभ्या राहून उगाच माझ्यावरची धूळ पुसत. त्यांचे कान कुठे असत ते मला ठाऊक होते.

वर्षे गेली. त्या घरात कोणाच्याच लक्षात आली नाही अशी एक गोष्ट मला जाणवू लागली. सांध्यांमध्ये सुजलेली बोटे बाईंची मोजणीच बदलत होती. पूर्वीची तीच चार बोटे आता माझ्यावर जास्त जागा धरत, आणि तीच वाट कमी बोटांत भरे. गाडी उशिरा येऊ लागली. गिऱ्हाईक कुरकुर करू लागले. यजमान दारातच त्यांची समजूत काढत, "आज गर्दी फार होती." बाईंनाही ते तेच सांगत. बायकोच्या आखणीत काही चुकत असेल, हे त्यांच्या मनाला शिवले नाही.

आणि एक दिवस निरोप आला. लेक कायमची परदेशी निघाली होती. नवरा आधीच पुढे गेला होता. जाण्यापूर्वी एक दिवस ती मुलीला आपले शहर दाखवायला येणार होती, आणि संध्याकाळच्या आगगाडीने लगेच निघणार होती.

बाई म्हणाल्या, "मी आखते. शेवटी नदीकाठची बाग ठेवा. मी तिथे बसते."

"अगं, मग घरीच बोलाव की."

"घराचं मी बोलून बसलेय. बाग काय, सगळ्यांचीच आहे. आणि मी तिथे आहे हे तिला सांगू नका. कळलं तर यायची नाही."

ताकाला जायचे आणि भांडे लपवायचे, दुसरे काय! बाईंनी माझ्यावर बोटे टेकवली. पूर्वी सतरा बोटे भरणारी ती फेरी चौदा बोटांतच बसली. त्यांचा चेहरा उजळला. "वेळ उरतोय हो. मग पोरीला घंटाघरावरही चढू द्या. वरून सगळं शहर दिसतं."

मला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण नकाशाला तोंड नसते.

त्या दिवशी बाई ठेवणीतले कपडे घालून बागेकडे गेल्या आणि घाईत त्यांचा मोबाईल टेबलावरच राहिला. उन्हे कलली तसा तो वाजू लागला. वाजे, थांबे, पुन्हा वाजे. खोलीत ऐकायला मी एकटाच होतो.

बाग बंद होईपर्यंत बाई तिथे बसून होत्या. परत आल्या तेव्हा यजमान खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

"उशीर झाला गं," ते म्हणाले. "पोरींना जेवणावरून उठवलं, गाडी पळवली. घंटाघर सोडू या म्हटलं, तर तीच म्हणाली, आईनं आखलंय ना बाबा, मग एकही सोडायचं नाही. तू बागेत वाट बघतेयस, हे शेवटी स्टेशनवर सांगितलं तिला. डब्यात चढता चढता रडायला लागली."

बाई माझ्याकडे आल्या आणि पुन्हा मोजू लागल्या. चौदाच भरली.

"हे बघा. वेळ उरायला हवा होता. तुम्ही आधीच सांगितलंत, आणि तिनं गाडी परस्पर स्टेशनला वळवायला लावली."

"नाही गं, शपथ."

"मग हा खोटं बोलतोय का?" असे म्हणून त्यांनी माझ्यावर हात आपटला.

मित्रांनो, माझी साक्ष काढली गेली. मी खरा ठरलो आणि लेक खोटी ठरली. एवढा मोठा अपराध कुठल्याही नकाशाच्या वाट्याला येऊ नये.

त्यानंतर परदेशातून फोन येत, पण बाई मान हलवून नको म्हणत. सहली बंद झाल्या. मला गुंडाळून माळ्यावर टाकले. तिथे उंदरांनी माझी एक कड कुरतडली. खालून बाईंचा आवाज येई, मग हळूहळू तोही कमी झाला आणि एक दिवस बाई गेल्या. लेक आपल्याला टाळून गेली हे दुःख उराशी धरूनच त्या गेल्या.

मग लेक आली. वडिलांबरोबर सामान आवरताना तिने मला खाली काढले आणि जमिनीवर उलगडले.

"बाबा, त्या दिवशी आईनं किती बोटं धरली होती?"

"चौदा. आल्यावर पुन्हा मोजली, तरी चौदाच."

ती गुडघ्यांवर बसली. तिने चार बोटे जुळवून स्टेशनवर ठेवली. सडपातळ होती आणि गार होती. वेस, राजवाडा, जुना पूल करत ती बागेपाशी पोहोचली. सतरा झाली. तिने पुन्हा मोजले. मग ती आपल्याच हाताकडे बघत राहिली.

"आईची बोटं सुजायची का हो?"

"सुजायची ना. सकाळी तर वळायचीच नाहीत," वडील म्हणाले. "वेणी मीच घालून द्यायचो."

बोलता बोलता त्यांची नजर लेकीच्या बोटांवर गेली. लेकीने आपला पंजा बागेवर ठेवला आणि ती माझ्यावर पडून रडली. माझी उरलीसुरली निळाई त्या पाण्याने फिसकटली, आणि ती फिसकटली याचे मला जराही वाईट वाटले नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी सांगणार नाही. माझे आयुष्य झाले. पण आज घरी गेलात की आपल्या आईचा, वडिलांचा हात हातात घ्या आणि नीट बघा. गेल्या वर्षी होता तसाच आहे का? वेगळा वाटला तर गप्प राहू नका. मला सगळे कळत होते, पण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.