मला शेंदूर नको, माझी जागा द्या

मित्रांनो, मी एक जुना हद्दीचा दगड आहे. देव नाही. हे आधीच सांगतो, कारण अलीकडे माझे कोणी ऐकूनच घेत नाही.

गोमाई नदीच्या काठावरून भिलाबाबांनी मला बैलगाडीत आणले आणि शहाद्याजवळच्या शिवारात निंबाशेजारी गाडले. खड्ड्यात आधी कोळसा आणि फुटक्या मडक्याच्या खापऱ्या टाकल्या. दगड कोणी सरकवला तरी कोळसा जागेवरच राहतो, कुजत नाही, म्हणून ही पद्धत. माझ्या एका बाजूला शेजाऱ्याचा कापूस, दुसऱ्या बाजूला गाडरस्ता आणि त्यापलीकडे भिलाबाबांचे शेत. बांधावरून कधी भांडण झाले नाही. भाकरी खाताना लोक माझ्यावर पाण्याचा तांब्या ठेवत. तेवढा मान मला पुरे होता.

मग शहर वाढत आमच्यापर्यंत आले. कापसाचे शेत भूपेंद्रभाऊंनी घेतले, प्लॉट पाडले. जेसीबीने मला उचलून रस्त्यापलीकडे, भिलाबाबांच्या शेतातल्या उसाला चिकटवून ठेवले आणि गाडरस्ता प्लॉटांत गेला. पुढे कोणीतरी मला शेंदूर फासला. प्लॉट घेणाऱ्यांना देवस्थान आवडते म्हणे. पत्र्याचे छत आले, घंटाही आली.

भिलाबाबांची सून गजराबाई आता ते शेत करते. ऊस तोडणीला आला, पण ट्रॅक्टर न्यायला वाट नाही.

"भाऊ, हाऊ दगड आठे नव्हता," ती भूपेंद्रभाऊंना म्हणाली.

"मावशी, आते तो म्हसोबा शे. देवले कोन हालाडी?"

"मंग तुन्हा म्हसोबालेच सांग, मन्हा ऊस डोकावर लई जाय."

तिने आपली सून चेतना हिला बोलावले. जुना निंब अजूनही तिथल्या एका प्लॉटच्या कोपऱ्यात उभा आहे. दोघींनी तिथे कुदळ चालवली. कोळसा निघाला, खापऱ्या निघाल्या. प्लॉटवाले जमले. रस्ता इथूनच होता, हे भूपेंद्रभाऊंसकट सगळ्यांनी मान्य केले. मला वाटले, सुटलो.

तेवढ्यात एकाने माझ्यापुढे नारळ फोडला. "देवा, माफ कर. तुले हालाडता येवाव नही." सगळ्यांनी हात जोडले, खोबरे खाल्ले आणि घरी गेले.

उसाला तुरे आले आहेत. वाळायला लागलाय तो.

मित्रांनो, मोठे झालात की घरे जरूर बांधा. पण त्या जागेवरून कोणाची वाट जात होती, हे आधी विचारा. आणि माझ्याकडे आलात तर नारळ आणू नका. पहार आणा. निंबाशेजारचा खड्डा अजून उघडाच आहे.