शनिवारी रुसणारा पंखा

मी पंखा बोलतोय. छताला लटकून गरगरणारा नव्हे, आणि टेबलावर बसून मान हलवणारा तर मुळीच नव्हे. मी मोटारगाडीतला पंखा. बॉनेटच्या आत, रेडिएटरच्या मागे बसून इंजिनाचं तापलेलं पाणी थंड करायचं, हे माझं काम. गाडी पळत असली की समोरचा वारा माझं काम फुकटात करतो, तेव्हा मी खुशाल झोपतो. गाडी अडकली, वारा थांबला, पाणी तापलं की मला उठावं लागतं. म्हणजे तुम्ही हॉर्न वाजवून कंटाळता ना, तेव्हा माझी ड्यूटी सुरू होते.

माझं तोंड आजवर कुणी नीट बघितलं नाही. बघू नका, मला त्याचं काही नाही! पण मला कामचुकार म्हणाले, तेही एकदा नाही, चांगले पाच महिने, ते मात्र मनाला फार लागलं. आणि माझ्यावरचा तो आळ ज्या एका माणसाने पुसला, त्या हौसेरावांचं नाव घेतल्याशिवाय मला माझी गोष्ट सांगताच येणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. मोटर बसली, पाती बसली, एका बाईने मला दोन वायरी लावून मिनिटभर फिरवलं, कान देऊन ऐकलं आणि खोक्यात टाकलं. मला दोनच वायरी आहेत. एक लाल, तिच्यातून करंट येतो. एक काळी, ती गाडीच्या अंगाला बोल्टने जोडलेली असते, तिच्यातून करंट परत जातो. दोन्ही धड असतील तरच माझ्यात जीव येतो. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

एकोणीसशे ब्याण्णवच्या दसऱ्याला मी एका छोट्या पांढऱ्या गाडीत बसून घणसोली गावात आलो. मालक हिरामणशेठ. पूर्वी भातशेती करायचे. नवं शहर आलं, शेतं गेली, आणि आता त्यांनी गावठाणात खोल्या बांधून भाडेकरू ठेवले होते. गल्ली एवढी अरुंद की गाडी आत घालताना दोन्ही बाजूचे आरसे मिटावे लागायचे. पण गल्लीत कुणाला ताप भरो, कुणाचा पाय मोडो, लोक पहिली हाक हिरामणशेठना मारायचे, आणि ते जेवत्या ताटावरून उठून किल्ली घ्यायचे. अशा गाडीत मी होतो. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

पण गाडीवर खरा जीव होता तो शेठच्या बायकोचा, विमलबाईंचा. बॉनेट कसं उघडायचं हे त्या शेठकडून शिकल्या होत्या. रोज सकाळी त्या स्वतः रेडिएटरचं पाणी बघायच्या. आणि शनिवार कधी चुकला नाही. आंघोळ करून यायच्या, जुनं लिंबू-मिरची काढायच्या, नवं बांधायच्या. आधी ते पुढे बंपरला असायचं. पण वाऱ्याने तुटायचं, नाहीतर गल्लीतली पोरं ओढून न्यायची. शेठही कुरकुरायचे, "नव्या गाडीचा पार ठेला केलास." मग विमलबाईंनी ते बॉनेटच्या आत बांधायला सुरुवात केली, कुणाला दिसणार नाही असं. हाताला येईल असा एक बोल्ट त्यांना सापडला होता.

पंचाण्णवच्या सुरुवातीला माझं बिनसलं. म्हणजे मी आपला जागा असायचो, उठायची वेळ झालेली कळायची, करंट दारापर्यंत यायचा, पण अंगात जोरच येईना! कधी अर्धा फिरायचो, कधी थरथरून थांबायचो, कधी एकदम झक्कास फिरायचो. हे सगळ्यात वाईट. सरळ मेलो असतो तर कुणी शिवी तरी दिली नसती.

हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने मला बाहेर काढलं, माझ्या दोन्ही वायरी बॅटरीला लावल्या. मी असा भन्नाट फिरलो की त्याची टोपी उडाली. "पंखा ओके," म्हणाला. परत बसवला, तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गप्प. मग त्याने फ्यूज बदलला. मग पाण्याचा सेन्सर बदलला. मग वैतागून लाल वायरीला आणखी एक जोड देऊन डॅशबोर्डवर एक जादा बटण दिलं, की तापली गाडी की दाबा. तरी तेच. शेवटी तो हात झटकून म्हणाला, "शेठ, पंखाच नाटकी आहे. काढून फेका, दुसरा टाका." आणि दुसरा यायला पंधरा दिवस लागतील म्हणाला.

पंधरा दिवस! आणि घरात काय चाललं होतं? लेक सुचिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना. वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, बाळ पायाळू आहे, कळा सुरू झाल्या की एक मिनिट घरात थांबायचं नाही, सरळ दवाखान्यात यायचं. त्याच तपासणीहून परत येताना कोपरखैरण्याच्या पुढे ट्रकांच्या गर्दीत गाडी उकळली. भर मे महिन्याचं ऊन, आणि ती अवघडलेली पोर पोटाला हात लावून रस्त्याच्या कडेला तासभर उभी. मी तिथेच होतो. समोर. मला लाज वाटली हो! डोळे असते तर मिटून घेतले असते.

"ज्या दिवशी पोरीला कळा येतील त्या दिवशी असाच झाला तर?" विमलबाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, शेठ बायकोला घेऊन वाशीला आले. घाऊक बाजाराच्या मागे ट्रकांच्या रांगेला लागून एक पत्र्याची शेड होती, ती हौसेरावांची. हौसेराव साताऱ्याकडचे. बाजारात पाठीवर गोणी वाहायला आलेले. पाठीने दगा दिला, तेव्हा ट्रकवाल्यांच्या पायाशी बसून बसून वायरिंग शिकले. त्यांच्याकडे मशीन नव्हतं की मीटर नव्हता. एक बल्ब, त्याला दोन वायरी, एवढीच सगळी विद्या खिशात.

मला वाटलं, आता पाने-पक्कड निघतील, मला पुन्हा उपटतील. पण या माणसाने पाव तास कशाला हातच लावला नाही! नुसतं विचारत राहिले. कधीपास्नं? पहिल्यांदा कुठं? पावसात का उन्हात? दिवे लावल्यावर जास्त का कमी? शेठ उत्तरं देत होते. मग हौसेराव खिडकीशी वाकले आणि मागे बसलेल्या विमलबाईंना म्हणाले, "वैनी, तुमी बी बसता की गाडीत. तुमाला काय वाटतं?"

पाच महिन्यांत त्या बाईला हे कुणी विचारलं नव्हतं.

"खरा सांगू भाऊ? शनवारी जास्त रुसतो," विमलबाई म्हणाल्या. "शनवारी, नायतर रविवारी. मी दोन-दोन लिंबा बांदते आता, तरी फरक नाय."

शेठ खो खो हसले. "घ्या! पंख्याला साडेसाती!"

हौसेराव हसले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले, आणि बॉनेट वर करून वाकले. इंजिन चालू ठेवलं, रेडिएटरसमोर गोणपाट लावलं आणि पाणी तापू दिलं. वरच्या नळीवर हात ठेवून वाट बघत राहिले. टक्क! मला करंट सोडणारा रिले वाजला. करंट आला. मी जीव खाऊन जोर लावला, पण नुसता थरथरलो.

त्यांनी बल्बची एक वायर बॅटरीला लावली, दुसरी गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकवली. बल्ब लख्ख. मग तीच वायर माझ्या काळ्या वायरीच्या टोकाला टेकवली. बल्ब विझल्यात जमा. मग त्यांनी जादा वायरीचा एक तुकडा घेऊन ते काळं टोक सरळ बॅटरीच्या दुसऱ्या बाजूला जोडलं, आणि मी सुटलो! अहो, काय फिरलो मी! गोणपाट फडफडून रेडिएटरला चिकटलं.

"ह्यो गडी ठणठणीत हाय," हौसेराव हळूच म्हणाले. पाच महिन्यांनी कुणीतरी म्हणालं! "ह्याला करंट येतुया. परत जायला वाटच न्हाई."

मग माझी काळी वायर जिथे जोडली होती त्या बोल्टपाशी त्यांनी बोट नेलं. तिथेच विमलबाईंचं लिंबू-मिरची बांधलेलं होतं. दर शनिवारी लिंबू-मिरचीची जुनी तार ओढून काढायची, की बोल्ट हलायचा. ताजं लिंबू सुईने भोसकलेलं, त्याचा रस बोल्टावर ठिबकायचा. वरून खाडीचा खारा वारा. माझ्या काळ्या वायरीचं टोक हिरवं पडून चटणीने माखल्यासारखं झालं होतं. माझी नजर उतरावी म्हणून ती माऊली जे करत होती, त्यानेच माझा श्वास कोंडला होता. आणि मी कमी चालतो म्हणून ती लिंबं वाढवत होती! मला रागवावं की रडावं कळेना.

आता तुम्हीच सांगा, दुसरा कुणी असता तर काय केलं असतं? मोठ्याने हाक मारली असती, "शेठ, या, बघा वहिनींचा पराक्रम!" चार ट्रकवाले जमले असते, हसले असते. हौसेरावांनी काय केलं? इकडेतिकडे बघितलं, ती सडकी लिंबं अलगद सोडवली आणि खिशात टाकली. बोल्ट काढला, काचपेपरने घासून टोक पितळेसारखं चमकवलं, पत्रा खरवडला, घट्ट आवळलं, वर ग्रीस लावलं. वीस मिनिटांचं काम.

"काय सापडला?" शेठनी विचारलं.

"खाऱ्या हवेनं एक जोड गंजला हुता," हौसेराव म्हणाले. आणि हात पुसत खिडकीशी आले. "वैनी, एक ऐकाल का? लिंबू आत लपवून न्हाई बांधायचं. नजर लावणाऱ्याला दिसाया नगो व्हय? फुडं, बंपरला बांधा. झोकात."

विमलबाईंनी मान डोलावली. वायरीची विद्या पुष्कळांना येते हो. ही दुसरी विद्या कुठे शिकले असतील हौसेराव?

दोन दिवसांनी शनिवार उजाडला. विमलबाईंनी लिंबू बाहेर बंपरला बांधलं. आणि दुपारी बाराला सुचिताला कळा सुरू झाल्या. मागच्या सीटवर ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती. कोपरखैरण्याच्या पुढे पुन्हा तेच, ट्रकच ट्रक, गाडी जागची हलेना. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा वर चढायला लागला. शेठनी त्या बटणाकडे हात नेला.

टक्क! त्यांनी बटण दाबण्याआधीच मी उठलो होतो. त्या गर्दीत पंचवीस मिनिटं मी असा फिरलो, जसा कारखान्यातून निघालेल्या दिवशी फिरलो होतो. काटा थांबला. मग हळूहळू खाली आला. पुढचा ट्रक सरकला, आणि आम्ही वाशीला वेळेत पोचलो. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. पेढे वाटले तेव्हा मला कुणी दिला नाही, पण शेठनी बॉनेटवर थाप मारली. मला पोचली ती.

पुढे चार वर्षं मी एकदाही रुसलो नाही. नव्व्याण्णवमध्ये उभ्या गाडीला मागून एका ट्रकने ठोकलं. आत कुणी नव्हतं, पण गाडी गेली. पुढचा भाग शाबूत होता. शेठना हौसेराव म्हणाले, "बाकी काय बी करा, पंखा मला द्या." आता मी त्यांच्या शेडमध्ये एका फळीवर बसलोय. जुन्या बॅटरीवर चालतो. ट्रकवाले माझ्यासमोर बसून चहा पितात, घाम वाळवतात.

एकच विनंती आहे. कुणी कामाला अडला की लगेच त्याला काढून फेकू नका. आधी पाव तास नुसतं विचारा. आणि मागच्या सीटवर बसलेल्यालाही विचारा.

परवा विमलबाई आल्या होत्या. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, पिशवीत लिंबू-मिरची. स्टुलावर चढून त्यांनी ते शेडच्या दारावर बांधलं. बाहेरच्या बाजूला. उतरता उतरता म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी लिंबा खिशात घातलीत ना, ती मी बगितली व्हती. बॉनेटच्या खालच्या फटीतून."

हौसेरावांच्या हातातला पाना तसाच राहिला. "चार वर्सं? आन् बोलला न्हाईत?"

"तुमी बोललात काय?" विमलबाईंनी पदराने डोळे टिपले. "बोलले असते तर तुमचा लपवलेला वाया गेला असता."

हौसेरावांनी स्टूल पुसून माझ्यासमोर ठेवलं. "बसा वैनी, उनातनं आलाय." आणि माझं बटण दाबलं.

मी पहिल्या झटक्यात सुरू झालो. त्या दिवशी शनिवारच होता.