डावा बॅक

चार वाजायला दहा मिनिटं होती आणि भट्टीवाल्यांचे, म्हणजे कारखान्याच्या भट्टी खात्याच्या टीमचे, दहाच खेळाडू मैदानात होते. अकरावा पुंडलिक, डावा बॅक, अजून कारखान्यातच अडकला होता. सायकलवरून आलेल्या माणसाने निरोप दिला की भट्टीतून लोखंड काढायला उशीर झालाय, पुंडलिक पाचच्या आधी सुटत नाही.

टीमला शिकवणाऱ्या देवीदास निखाडेने कपाळाला हात लावला. फायनलच्याच दिवशी हे व्हायचं होतं. राग तरी कुणावर काढणार? वितळलेलं लोखंड काही फुटबॉलसाठी थांबत नाही.

यादीत बारावं नाव होतं, पण ते त्याचं स्वतःचंच. वय चव्वेचाळीस, उजवा गुडघा केव्हाच कामातून गेलेला. तरी तो मांडवात कारखान्याच्या क्रीडा समितीच्या सेक्रेटरींना, भैय्याजींना, विचारायला गेला.

"खेळा ना निखाडे, कोन नाही म्हनते?" भैय्याजी म्हणाले. "पन खेळाडूले कोच करता येत नाही, समितीचा ठराव हाये. मंग ते पगारी कोचची जागा रामाजीले द्या लागन."

त्या जागेसाठी देवीदास तीन महिने भैय्याजींच्या मागे फिरत होता. स्टोअरमधली कारकुनी सुटली असती, दिवसभर मैदान मिळालं असतं. आणि रामाजी कोण, तर जुना फॉरवर्ड! चार गोल काय मारले, कारखान्याच्या वसाहतीत सेक्टरभर लोक त्याला ओळखत. देवीदास नागपूरच्या रेल्वेच्या टीमपासून अठरा वर्षांत आठ टीमकडून खेळला आणि पेपरात त्याचं नाव एकदाच छापून आलं, तेही चुकून आपल्याच गोलात बॉल मारला म्हणून. अडवलेल्या गोलांची बातमी कोण देतो?

दहा जणांना खेळवलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. तो रेषेशी येऊन उभा राहिला. डावीकडची मोकळी जागा त्याला बघवेना. चडफडत त्याने पिशवीतून जुने बूट काढले. ते रोज कशाला नेता, असं बायको, सत्यभामा, कितीदा म्हणायची, तरी तो आणायचाच.

पूर्वार्धात भट्टीवाल्यांनी एक गोल केला. उत्तरार्धात पुंडलिक धापा टाकत आला, तोंड काळं, अंगावर कारखान्याचेच कपडे. सामना सुरू झाल्यावर खेळाडू बदलता येत नसे, म्हणून तो रेषेबाहेरच उभा राहिला. याच पुंडलिकला देवीदासने वर्षभर घसा फोडून एकच गोष्ट सांगितली होती, की समोरच्याचा बॉल पाहू नको, त्याची कंबर पाह. पठ्ठ्याने एकदाही ऐकलं नव्हतं.

शेवटची पाच मिनिटं उरली. देवीदासचा गुडघा ठणकत होता. समोरून दुसऱ्या टीमचा तरणाताठा फॉरवर्ड बॉल नाचवत आला आणि दमलेला देवीदास नवशिक्यासारखा बॉलकडेच बघत राहिला.

"काका, बॉल नका पाहू," पुंडलिक बाहेरून ओरडला. "कंबर पाहा, कंबर!"

देवीदासने मान वर केली. कंबर उजवीकडे वळली, तसा तोही वळला आणि त्याने बॉल रेषेपार लाथाडला. टाळी कुणी वाजवली नाही. मांडवात भैय्याजींच्या शेजारी रामाजीला खुर्ची दिलेली त्याला दिसली.

पुंडलिकने बॉल उचलला, शर्टाला पुसला आणि थ्रो घ्यायला आलेल्याच्या हातात दिला.

"काका, जागेवर जा आता," तो हळूच म्हणाला.

देवीदास लंगडत आपल्या जागेवर गेला.